राहू द्या, कामी येते

बुलडाणा जिल्ह्याची अजिंठ्याच्या डोंगररांगेने वाटणी केली आहे. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा घाटावर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद घाटाखाली. राजूर घाटातून एसटी खाली उतरली की ऊन वाढतं, बोलीचा हेल बदलतो आणि समोरचा माणूस 'मला'चं 'मले' करून बोलू लागतो. घाटावरचे घाटाखालच्यांच्या उन्हाला हसतात, घाटाखालचे घाटावरच्यांच्या कोरडवाहू शेतीची कीव करतात. सोयरीक ठरवताना तर 'घाटावरचे की खालचे?' हे आधी विचारलं जातं, मुलाचं शिक्षण नंतर. अशा या जिल्ह्यात एका मुद्द्यावर मात्र वरच्यांचं आणि खालच्यांचं पूर्ण एकमत आहे. घरात आलेली वस्तू बाहेर जाता कामा नये.

लग्नपत्रिका घ्या. पत्रिकेवर गणपती छापलेला असतो. गणपती केरात कसा टाकायचा? म्हणून पत्रिका ठेवायची. त्या जोडप्याच्या मुलांची जावळं निघतात, मुलं शाळेत जातात, एखाद्या जोडप्याचा काडीमोडही होतो, पण गणपती माळ्यावर सुखरूप असतो. कॅलेंडरचं तेच. वर देवीचं चित्र, आणि पाठीमागे दुधाचा हिशेब. दूधवाल्याने म्हशी विकून किराणा टाकला त्याला जमाना झाला, तरी हिशेब असलेला बरा. देवादिकांचे तडकलेले फोटो पिंपळाखाली नेऊन ठेवायची सोय आहे खरी, पण पिंपळाखाली जायचं म्हणजे आंघोळ करून जायचं, आणि आंघोळ झाली की दुसरं काहीतरी काम निघतं.

आहेराचे ब्लाऊज पीस ही वेगळीच जात. ते शिवायचे नसतात, फिरवायचे असतात. खामगावच्या लग्नात मिळालेला पीस नांदुऱ्याच्या डोहाळजेवणात जातो, तिथून मलकापूरच्या बारशाला, आणि एक दिवस ओळखीची घडी घेऊन तो स्वगृही परततो. भांड्यांना तीही मोकळीक नाही. त्यांच्यावर ठोक्याठोक्यांनी नावं घातलेली असतात. तांब्या गळका असेल, पण त्याच्या पोटावर आजीच्या भावाचं नाव आणि साल आहे. असा तांब्या भंगारात द्यायचा म्हणजे आजीच्या भावालाच तराजूत घातल्यासारखं होतं.

कूलरची कथा मला सगळ्यांत आवडते. आमच्याकडे मार्चपासून पाऊस पडेपर्यंत कूलरशिवाय माणूस जगत नाही, त्यामुळे त्याच्या कुठल्याही अवयवाबद्दल घरात कृतज्ञता असते. पत्रा गंजला तर मोटर काढून ठेवायची. मोटर जळली तर पंखा ठेवायचा. पंख्याचं पातं वाकलं तर पातं ठेवायचं, कारण पुढल्या कूलरचं पातं वाकलं तर? आणि उरलेल्या सांगाड्यात माती भरून तुळस लावायची. तुळस लावली की विषय संपला. आता तो सांगाडा हलवायला ब्रह्मदेव आला तरी परवानगी नाही.

याच्या जोडीला गोठा असतो. ट्रॅक्टर आला, बैल गेले, पण तिफण, वखर, डवरं, जू सगळं जागेवर. पोळ्याला घुंगरमाळा काढून पुसतात आणि परत खुंटीला लावतात. कोनाड्यात विंचरताना गळलेल्या केसांची गुंडाळी असते, कारण केसांवर भांडी देणारी बाई कधीतरी दारावर येते. युरियाच्या धुतलेल्या गोण्या, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, रंगाचे रिकामे डबे, औषधांच्या अर्ध्या पट्ट्या. कशालाही हात लावा, मागून आवाज येतोच : "राहू द्या न बावा, कामी येते."

हे वेड आहे असं मला वाटत नाही. ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात रांगेत उभं राहून लाल मिलो आणि सुकडी घेतली, त्यांना रिकाम्या डब्याची किंमत पुण्याहून सुटीत आलेल्या नातवाने शिकवू नये. शिवाय कधीकधी ते खरंच कामी येतं, हा मोठा घोटाळा आहे. शंभर वस्तूंतली एक दहा वर्षांनी उपयोगी पडते आणि उरलेल्या नव्व्याण्णवांना जन्मठेपेतून सुटण्याची आशा कायमची संपवून जाते.

पण सवय कुठे थांबते आणि आजार कुठे सुरू होतो, याची एक रेघ डॉक्टरांनी आखली आहे. वस्तू साठवण्याची अनावर ओढ हा आधी मंत्रचळाचाच एक प्रकार मानत. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ मध्ये आपल्या रोगनिदानाच्या ग्रंथात त्याला स्वतंत्र जागा दिली, आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तो वेगळा मोजला जातो. ही रेघ वस्तूंच्या संख्येवर नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. प्रश्न एवढाच की ओट्यावर स्वयंपाक करता येतो का, पलंगावर झोपता येतं का, न्हाणीत आंघोळ करता येते का. खोली ज्यासाठी बांधली ते तिथे होत नसेल, आणि एखादी वस्तू टाकायच्या नुसत्या विचाराने माणसाचा जीव कासावीस होत असेल, तर मामला माळ्यापुरता राहिलेला नाही. या कसोटीवर आपली बहुतेक मंडळी थोडक्यात पास होतात. पलंगाखाली काय आहे हे परीक्षकाने विचारलं नाही तर.

नापास झालेल्यांत सर्वांत प्रसिद्ध न्यू यॉर्कचे कॉलियर बंधू. होमर आणि लँग्ली. हार्लेममध्ये मोठं घर, दोघे शिकलेले, आणि घरात छतापर्यंत वस्तू. मोठमोठे पियानो एकापेक्षा कितीतरी जास्त. होमरची दृष्टी गेली तेव्हा लँग्लीने रोजची वर्तमानपत्रं जमवायला सुरुवात केली. भावाला पुन्हा दिसू लागलं की मधल्या काळातल्या बातम्या वाचायच्या राहायला नकोत म्हणून. चोरांच्या भीतीने त्याने गठ्ठ्यांमधल्या बोळांत सापळेही लावून ठेवले होते. मार्च १९४७ मध्ये पोलीस घरात शिरले तेव्हा होमर मेलेला सापडला. लँग्ली सापडायला एप्रिल उजाडला, आणि तो भावापासून काही फुटांवरच, स्वतःच्याच सापळ्यात कोसळलेल्या ढिगाखाली होता. भावाला अन्न घेऊन जात होता. घरातून शंभर टनांहून जास्त माल निघाला. लोक ही गोष्ट वेडेपणाचा नमुना म्हणून सांगतात. मला त्यात ती वर्तमानपत्रं दिसतात. इतक्या बातम्या कोणी कोणासाठी राखून ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही.

म्हातारपणी स्वतःची आबाळ करून घरात केरकचरा साठवत राहणाऱ्यांच्या अवस्थेला डॉक्टरांनी ग्रीक तत्त्वज्ञ डायोजेनिसचं नाव दिलं आहे. बिचाऱ्यावर याहून मोठा अन्याय झाला नसेल. त्याच्याकडे पाणी प्यायला एक वाटी होती, आणि एका पोराला ओंजळीने पाणी पिताना पाहून त्याने तीही फेकून दिली, अशी कथा आहे. नाव ठेवणारे डॉक्टर शेगावला येऊन गेले असते तर जरा विचारपूर्वक वागले असते.

कारण आमच्या जिल्ह्यात या विषयावरचा शेवटचा शब्द शेगावचा. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज शेगावात प्रथम दिसले तेव्हाची त्यांची मालमत्ता दासगणूंनी पोथीत नोंदवून ठेवली आहे : अंगात एक जुनीपुराणी बंडी, पाणी प्यायला भोपळा आणि एक कच्ची चिलीम. संपली यादी. आजच्या गृहिणीला दाखवली तर ती म्हणेल, हे तर आमच्या दाराच्या फळीवरच्या सामानाहून कमी आहे. पण त्याच क्षणी महाराज काय करत होते? देविदास पातुरकरांच्या घरचं जेवण उरकल्यावर बाहेर टाकलेल्या पत्रावळींतली शितं वेचून खात होते.

या एका प्रसंगावर घाटाखालच्या कित्येक घरांत सासू-सुनांची जुगलबंदी चालते. सून म्हणते, महाराजांजवळ काय होतं सांगा, आणि तुमच्याजवळ काय आहे पाहा. सासू म्हणते, लोकांनी टाकलेलं महाराजांनी उचललं, टाकलं नाही! दोघींनी पारायणं केलेली असतात, दोघींच्या बाजूला पोथी आहे. अशा वादात मध्ये पडलेला पुरुष मी तरी अजून धड बाहेर आलेला पाहिला नाही. तो बहुतेक भंगारवाल्याला हाक मारायला म्हणून निघून जातो आणि पानटपरीवर सापडतो.

माझ्या मते आमच्याकडच्या साठवणीचं मूळ कपाशीत आहे. ज्याच्या घरात कापूस राहून गेला नाही, त्याला ही गोष्ट समजावणं कठीण. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षी सगळ्यांनी ठरवलं, घाई नको. सरकारचा लांब धाग्याचा हमीभाव होता ६,३८० रुपये, बाजार त्याच्या थोडा वर डोकं काढून होता, पण ज्याने दहा हजार पाहिले त्याला ते डोकं दिसेना. मग बैठकीत कापूस, माजघरात कापूस, पोराच्या अभ्यासाच्या खोलीत कापूस. माणसं ओसरीत झोपायला आली. घरभर किडे झाले, अंगाला खाज सुटली, आलेल्या पाहुण्याला बसायला कापसावरच जागा. २०२३ चा उन्हाळा निघून पाऊस तोंडावर आला तरी कित्येक घरांत तो होताच. भाव काही आला नाही. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळची घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कुठलं धान्य हललं, कुठलं जागेवर राहिलं यावरून वर्षाचं भाकीत सांगतात. तिथे गर्दीत उभ्या असलेल्या कास्तकाराचा चेहरा पाहावा. आपल्या बैठकीतला ढीग कधी हलणार, एवढंच तो विचारत असतो.

डॉक्टरांच्या कसोटीने पाहिलं तर अशा घरात पलंग, ओटा, सगळंच नापास. तरी त्याला कोणी आजार म्हणणार नाही, म्हणूही नये. तो माल आहे, विकला की खोली मोकळी. फक्त एक होतं. भावाची वाट पाहायची सवय लागली की ती कापसापाशी थांबत नाही. फुटकी बादली, बंद घड्याळ, लेकाचं दहावीचं दप्तर, सगळं भाव येण्याच्या वाटेवर बसतं.

माझे एक लांबचे चुलते असे बसले. काकू गेल्या, मुलगा पुण्यात नोकरीला लागला, आणि कापूस विकून मोकळ्या झालेल्या खोल्या काकांना सोसवेनात. साठवणुकीचा अभ्यास करणाऱ्यांनी पाहिलं आहे की तिचा गरिबीशी सरळ धागा लागत नाही. माणूस गमावल्याशी मात्र बऱ्याचदा लागतो. काका रोज मोटरसायकलवर खामगावला जात आणि काहीतरी घेऊन येत. कोणी टाकलेली खुर्ची, दुकानाबाहेरची खोकी, वायरी. हळूहळू दारापासून पलंगापर्यंत एक पाऊलवाट उरली, मग पलंगही गेला आणि काका खुर्चीत झोपू लागले. कोणी बोललं की म्हणत, "सिंदखेड राजाले पाह्यलं का? जमिनीखालून काय निघालं?" २०२४ च्या जूनमध्ये लखुजीराजांच्या समाधीजवळच्या उत्खननात शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती निघाली होती. इतकी वर्षं जमिनीत कोणाच्या कामी आली नव्हती, आणि आता सगळ्यांना तिचं कौतुक. या युक्तिवादाला उत्तर नाही.

अशा घरावर आमच्याकडचा सर्वमान्य उपाय म्हणजे टेम्पो. म्हातारं माणूस तीर्थयात्रेला गेलं की मुलाने टेम्पो बोलवायचा, सगळं भरून न्यायचं, रंग द्यायचा आणि वर सरप्राइज म्हणायचं. मेहकरकडच्या एका ओळखीच्या घरात हे झालं. आई परत आली, पहिल्या दिवशी रंगाचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, पिवळं डबडं कुठंय? डबड्यात तिच्या माहेरच्या दोडक्याचं बी होतं, राखेत घोळून ठेवलेलं. आई रडली नाही, भांडली नाही. दोन वर्षांत घर होतं तसं भरलं, फक्त आता खोल्यांना कुलपं आहेत आणि मुलगा यायचा असला की किल्ल्या तिच्या कमरेला असतात. या आजारावर काम करणारे तज्ज्ञही अशा धडक सफाईला घाबरतात. माल परत येतो. विश्वास येत नाही.

काकांच्या नशिबाने त्यांच्या वाट्याला टेम्पो आला नाही, माझी आतेबहीण, आमची ताई, आली. ती निवृत्त आरोग्यसेविका. खेड्यापाड्यांत पोरांना लसी टोचत आणि सासवांना समजावत तिची नोकरी गेली, त्यामुळे दारात 'नको' ऐकलं की तिला घरी आल्यासारखं वाटतं. तिने घर स्वच्छ करू असा शब्दही काढला नाही. एक उलटा डबा ओढून बसली आणि म्हणाली, काका, रात्री उठताना पाय अडकून पडलात तर खुबा मोडेल, अकोल्याला न्यावं लागेल, तेवढी पाऊलवाट रुंद करू. सौंदर्याचा मुद्दा असता तर काका हरले नसते. खुब्याला मात्र ते घाबरले.

मग पाऊलवाट, मग पलंग, मग ओटा. तिचा क्रम ठरलेला होता, आणि ज्या वस्तूंना गोष्ट नाही तिथून सुरुवात. मुदत संपलेल्या गोळ्यांची कोणाला आठवण येत नाही. फोटो, कपडे, पत्रं यांना ती कित्येक आठवडे फिरकलीच नाही. काकांच्या हातात दिल्याशिवाय एकही वस्तू उचलायची नाही, आणि 'हे टाकू का?' असं कधीच विचारायचं नाही. 'हे कोणाला देऊ?' टाकायला काकांचा हात धजत नसे. द्यायला लगेच मोकळा. वायरी वायरमनच्या पोराला, खुर्च्या देवळाच्या ओसरीला, डबे अंगणवाडीला. एखाद्या वस्तूवर काकांचा श्वास अडकला की ती म्हणे, आज राहू दे, मंगळवारी पाहू. मंगळवारपर्यंत बहुतेक वेळा जीव जरा सैल झालेला असे. मानसोपचारतज्ज्ञ काय करतात ते मी नंतर वाचलं : माणसाला स्वतः निवडू द्यायचं, टाकल्यावरची कालवाकालव सोसू द्यायची, ती ओसरते हे त्याचं त्याला कळू द्यायचं, आणि नवीन आणण्याच्या ओढीवरही तेवढंच काम करायचं. ताईने हे कुठे वाचलं नव्हतं. येताना काय आणलं, हे मात्र ती दर वेळी काकांच्या मोटरसायकलची डिकी उघडून पाहत असे.

दिलेल्या वस्तू योग्य घरी पोचेपर्यंत ताईच्याच ओसरीत राहत. भाऊजी त्या काळात फारसे कोणाला घरी बोलावत नसत.

वाटलं तितकं हे सरळ नव्हतं. एकदा काका आठ दिवस दार उघडेनात. तेव्हा ताईने टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कागदावर लिहून दाराच्या फटीतून आत सरकवला. फोन फुकट, मराठीत बोलता येतं. आतून आवाज आला, "मी काही येडा नाही!" ताई बाहेरून म्हणाली, बीपीची गोळी घेता तेव्हा कोणी तुम्हाला काही म्हणतं का? थोड्या वेळाने कडी निघाली. फोन त्यांनी केला की नाही हे तिने आजवर विचारलेलं नाही. पण पुढच्या महिन्यात काका तिच्यासोबत सरकारी दवाखान्यात गेले, आणि परत येताना काकूंबद्दल बोलले. पहिल्यांदाच.

काकूंची लुगडी सगळ्यांत शेवटी निघाली. गावात गोधड्या शिवणाऱ्या दोघी आहेत, त्यांच्याकडे ती गेली. नातवंडांना एकेक द्यायची असं ठरलं होतं, काकांनी आयत्या वेळी सगळ्या ठेवून घेतल्या. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर लुगडी गेली आणि गोधड्या आल्या, वजन तेवढंच. ताईचं म्हणणं, असू दे, पांघरता तर येतात.

दिवाळीच्या आधी गोठ्याची पाळी आली. तिफणीचे फण, वखराची पास, जुनी पत्र्याची कोठी, कूलरचे तीन सांगाडे, सगळं काकांनी स्वतः ओढून अंगणात मांडलं. भंगारवाला हातगाडी घेऊन आला, तराजू लावला. ताई माझ्याकडे पाहून हसली. आम्हाला वाटलं, झालं.

"आज भाव काय?" काकांनी विचारलं.

"काका, लोखंड पडलं हो सध्या. मागल्या महिन्यापेक्षा कमी आहे."

काकांनी वखराची पास उचलून गोठ्याच्या भिंतीला टेकवली. ताई काही बोलायच्या आत ते आतून भंगारवाल्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले, त्याच्या शेजारी बसले आणि त्यांनी विचारलं, पुढे काय अंदाज वाटतो.

भंगारवाला भला माणूस. ताईच्या वर्षभराच्या मेहनतीची त्याला काय कल्पना! पाणी पिऊन त्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "वाढन असं वाटते, काका."